जंगलातील नदीवर सार्वजनिक उतारावरून कयाक व कॅनू पाण्यात सोडणे: पेर मार्केट नदी, मिशिगन

नोव्हायकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हाय येथे राहतो. केन्सिंग्टन मेट्रोपार्कमधील केंट सरोवरावर आम्ही उन्हाळ्यात नियमितपणे कयाक चालवतो, परंतु वाहत्या नदीचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही. येत्या जुलैमध्ये, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, ह्यूरॉन-मॅनिस्टी राष्ट्रीय वनातून वाहणाऱ्या पेर मार्केट नदीवर एक दिवस घालवण्याचा विचार आहे. बाल्डविन गावाच्या पश्चिमेला असलेल्या बोमन ब्रिज येथे होड्या पाण्यात सोडायच्या आणि खाली रेनबो रॅपिड्स येथे बाहेर काढायच्या, असा बेत नकाशावरून आखला आहे.

आमच्याकडे कठीण प्लास्टिकच्या दोन एकेरी कयाक आणि सतरा फुटी कॅनू आहे. कॅनूमध्ये मी, पत्नी आणि पाच वर्षांचा मुलगा बसणार आहोत, तर कयाकमध्ये माझा भाऊ आणि बारा वर्षांची मुलगी. आई-बाबा पुण्याहून आले आहेत, दोघेही सत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांनाही नदी दाखवायची इच्छा आहे.

सरोवराच्या उतारावर, म्हणजे होडी पाण्यात सोडण्याच्या जागेवर, पाणी स्थिर असते, त्यामुळे होडी अर्धी काठावर ठेवून सावकाश बसता येते. नदीच्या उतारावर नेमके काय वेगळे करावे लागते, सार्वजनिक जागा असल्यामुळे तेथे किती वेळ थांबणे योग्य समजले जाते, परवान्याची पद्धत काय आहे आणि गळ टाकून मासे धरणाऱ्यांशी कसे वागावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. कॅनूला लहानशी विजेवर चालणारी मोटर लावावी, असेही भावाच्या मनात आहे. तसे करता येईल का?

ग्रँडरॅपिड्सकर

परवान्याचे आधी सांगतो, कारण ते न करता साडेतीन तास गाडी चालवून येणारी कुटुंबे दर उन्हाळ्यात दिसतात. पेर मार्केट आणि तिच्या उत्तरेची पाइन या दोन्ही नद्यांच्या संरक्षित भागांत उन्हाळ्याच्या मुख्य हंगामात प्रत्येक होडीसाठी वनखात्याचा परवाना लागतो. तो माणशी नसून होडीमागे असतो, म्हणजे तुम्हाला तीन लागतील. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर तारीख आणि नदीचा टप्पा निवडून आरक्षण करता येते. शनिवार-रविवारचे परवाने लवकर संपतात, तेव्हा मधला वार निवडण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. परवान्याची प्रत कागदावर काढून सोबत ठेवावी, कारण त्या रानात फोनला सिग्नल मिळण्याची खात्री नसते, आणि याच कारणासाठी नकाशाही आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

मोटरचा विचार सोडून द्यावा. मिशिगनमध्ये केवळ वल्ह्याने चालणाऱ्या खासगी कॅनू-कयाकची नोंदणी करावी लागत नाही, परंतु विजेवरची का होईना, मोटर लावली की तीच होडी नोंदणीस पात्र ठरते. शिवाय या नदीच्या वरच्या भागात मोटर चालवण्यास मुळात मनाई आहे आणि तुमचा टप्पा त्याच भागात येतो.

आता उताराविषयी. वनातील प्रत्येक जागेची रचना वेगळी असते. काही ठिकाणी ट्रेलर मागे नेता येईल असा उतार असतो, काही ठिकाणी होडी हातांनी वाहून न्यावी लागते आणि काही ठिकाणी काठ झिजू नये म्हणून लाकडी पायऱ्या बांधलेल्या असतात. ट्रेलरचा उतार असेल तर त्याचा मधला भाग ट्रेलरवाल्यांचा समजावा. हातांनी होडी नेणाऱ्यांनी कडेने जावे किंवा त्यांच्यासाठी वेगळी जागा केलेली असल्यास तीच वापरावी. या नदीवर मासेमारीचे वाटाडे लाकडाच्या किंवा फायबरच्या रुंद, दोन्ही टोकांना वर वळलेल्या होड्या घेऊन येतात. त्या ट्रेलरशिवाय उतरवता येत नाहीत आणि त्यांची सकाळची वेळ ठरलेली असते.

किती वेळ थांबावे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की उतारावर तयारी करूच नये. गाडीच्या छपरावरील पट्टे सोडणे, लाइफ जॅकेटांचे बंद शरीराप्रमाणे घट्ट करणे, जेवणाचे डबे आणि कोरडे कपडे जलरोधक पिशवीत भरून ती पिशवी होडीला बांधणे, मुलांना सनस्क्रीन लावणे, शौचालयाला जाऊन येणे, ही सर्व कामे गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर, पाण्यापासून दूर उरकावीत. उतारावर न्यायची ती पूर्ण सज्ज होडी, ज्यात फक्त बसायचे शिल्लक आहे. असे केले तर एक होडी पाण्यात जायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आपल्याकडील मंडळींना उतारावर उभे राहून छायाचित्रे काढण्याची हौस फार असते, तीही खाली रेताड काठावर पुरवून घ्यावी.

दोन गाड्या असतील तर आधी दोन्ही घेऊन रेनबो रॅपिड्सला जावे, एक तेथे ठेवावी आणि मग सर्वांनी दुसरीतून बोमन ब्रिजला यावे. खाली ठेवलेल्या गाडीची किल्ली वर ठेवलेल्या गाडीत राहून जाणे ही इथली सर्वांत नेहमीची फजिती आहे. ती किल्ली लाइफ जॅकेटच्या चेनच्या खिशात, आतल्या कडीला बांधून ठेवावी.

वल्हेकरी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. वाहत्या पाण्यात होडी सोडण्याची कृती थोडी विस्ताराने लिहितो, कारण सरोवरावर लागलेली सवय येथे अडचणीची ठरते.

अर्धी होडी काठावर आणि अर्धी पाण्यात ठेवून बसण्याची पद्धत नदीवर सोडावी. त्या स्थितीत कॅनू फक्त दोन टोकांवर टेकलेली असते, मधल्या रुंद बुडाला पाण्याचा आधार मिळत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत डळमळीत असते. त्यातच पाण्यातील टोकाला प्रवाह आडवा ढकलू लागतो. कॅनू पूर्ण तरंगत असली पाहिजे आणि काठाला समांतर असली पाहिजे. तिचे पुढचे टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे ठेवावे. एका माणसाने गुडघ्याखालच्या पाण्यात उभे राहून ते वरचे टोक धरावे. वरचे टोक हातात असेल तर होडी काठालगत शांत राहते. फक्त खालचे टोक धरले तर प्रवाह वरच्या टोकाला बाहेर ढकलतो आणि क्षणात होडी आडवी होऊन माणसाला खेचू लागते. धरणाऱ्याने नेहमी होडीच्या वरच्या बाजूला किंवा काठाकडच्या बाजूला उभे राहावे, होडीच्या खालच्या बाजूला कधीही नाही, कारण पाण्याने भरलेली सतरा फुटी कॅनू शेकडो किलोंची होते आणि ती व खालचे एखादे झाड यांच्यामध्ये माणूस सापडला तर तिला मागे सारणे शक्य नसते. होडीला बांधलेल्या दोरीचा वेढा मनगटाला घालू नये, ती फक्त मुठीत धरावी.

बसण्याचा क्रम असा ठेवावा. आधी पत्नीने पुढच्या बैठकीवर बसावे, मग मुलाला मध्ये, होडीच्या तळाशी बसवावे, आणि शेवटी तुम्ही मागे बसावे. बसताना होडीचे दोन्ही काठ हातांनी धरून, कमरेतून वाकून, पाऊल होडीच्या मध्यरेषेवर टाकावे. एकेरी कयाकमध्ये बसताना वल्हे बैठकीच्या मागे आडवे ठेवून त्याचे एक पाते नदीच्या काठावर टेकवले तर चांगला आधार मिळतो, मात्र त्यावर सगळा भार टाकल्यास वल्हे मोडू शकते. बहुतेक उतारांच्या आसपास, विशेषतः काठ जिथे थोडा पुढे आलेला असतो त्याच्या खालच्या अंगाला, पाणी संथ फिरत असते. अशी जागा असेल तर तिथूनच निघावे.

निघताना एकदम प्रवाहाच्या दिशेने तोंड करून सुटण्याचा मोह होतो, तो आवरावा. तोंड वरच्या दिशेला, काठाशी थोडा कोन करून ठेवावे आणि दोन-चार जोरदार वल्ह्यांनी वेगवान पाण्यात शिरावे. प्रवाह पुढचे टोक आपोआप खाली वळवतो. त्या वळणात शरीर खालच्या बाजूला, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, सायकलवर वळताना झुकतो तसे झुकवावे. वरच्या बाजूला झुकल्यास पाणी होडीच्या काठावर चढते आणि होडी उलटते. उलटण्याचे प्रकार बहुधा याच पहिल्या मिनिटात घडतात, आणि ते उथळ पाण्यात घडत असल्यामुळे माणूस लगेच उठून उभा राहायला जातो. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगवान असेल तर उभे राहू नये, कारण पाय दगडात किंवा मुळात अडकला तर प्रवाह शरीराला पुढे पाडतो. पाठीवर तरंगत, पाय पुढे आणि वर ठेवून, संथ पाण्याकडे सरकावे.

या नदीचे वैशिष्ट्य म्हणजे पडलेली झाडे. पात्र अरुंद आहे, वळणे पुष्कळ आहेत, काठ वाळूचे आहेत, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचा काठ खचला की त्यावरचे झाड पाण्यात आडवे होते. माशांना आसरा मिळावा म्हणून ही झाडे मुद्दाम ठेवली जातात, होडी जाण्यापुरती वाट काय ती मोकळी केलेली असते. पाणी फांद्यांमधून आरपार जाते, पण होडी आणि माणूस जात नाहीत, आणि मागचा प्रवाह त्यांना तिथेच दाबून धरतो. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूने राहावे, पुढचे दिसत नसेल तर काठाला लागून पाहून यावे. होडी झाडावर आडवी जाऊ लागलीच तर झाडाकडे झुकावे, झाडापासून दूर झुकू नये. पोहताना झाड टाळता येत नसेल तर त्याच्याकडे जोराने पोहत जाऊन खोडावर छाती टाकून वर चढावे. हे मुलीला निघण्यापूर्वी कोरड्या जमिनीवर प्रत्यक्ष करून दाखवावे.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. ही नदी हिमयुगाने मागे ठेवलेल्या वाळूच्या जाड थरांतून झिरपणाऱ्या भूजलावर वाहते, त्यामुळे तिची पातळी बरीच स्थिर राहते आणि पाणी भर उन्हाळ्यातही थंड असते. पुण्याच्या माणसाला नदी म्हटले की उन्हाळ्यात आटणारी आणि पावसाळ्यात फुगणारी आठवते. इथे तसे होत नाही, पण मोठ्या पावसानंतर वेग वाढतोच. यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे प्रवाहमापक केंद्र स्कॉटव्हिल येथे आहे आणि त्याचा आकडा संकेतस्थळावर दिसतो. स्कॉटव्हिल तुमच्या टप्प्याच्या बरेच खाली असल्यामुळे बाल्डविनकडे पडलेला पाऊस तिथे उशिरा उमटतो, हे लक्षात घ्यावे. त्या तारखेच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा आकडा स्पष्टपणे चढा असेल तर लहान मुलांसह जाणे पुढे ढकलावे.

गळकरी

मी या नदीवर मासे धरतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहितो.

बाल्डविनजवळच्या एम-३७ महामार्गाच्या पुलापासून ग्लीसन्स लँडिंगपर्यंतचा साधारण आठ मैलांचा भाग फक्त कृत्रिम माशीने, म्हणजे गळाला लावलेल्या माशीसारख्या बनावट आमिषाने, मासेमारी करण्यासाठी राखीव आहे आणि तिथे धरलेला मासा परत सोडावाच लागतो. बोमन ब्रिज त्याच्या खाली असल्यामुळे तुम्ही त्या भागातून जाणार नाही, आणि पहिल्या वेळेला ते बरेच आहे. तरीही खालच्या टप्प्यात पाण्यात उभी असलेली माणसे भेटतील. दुरूनच वल्हवणे थांबवावे, मोठ्याने न ओरडता कोणत्या बाजूने जाऊ असे विचारावे, आणि त्याने काही सांगितले नाही तर पाणी पुरेसे असल्यास त्याच्या पाठीमागून जावे, त्याच्या गळाची दोरी ज्या पाण्यात आहे त्यावरून जाऊ नये. उताराच्या पायथ्याशी कोणी मासे धरत असेल तर मात्र त्यानेच बाजूला व्हायचे असते. होडी उतरवण्याची जागा ही होडी उतरवण्यासाठी आहे, आणि हे मी माझ्या गळवाल्या मित्रांनाही सांगत असतो.

तुम्ही नोव्हायचे आहात म्हणून एक सांगण्यासारखे. या नदीत आज जे ब्राउन ट्राउट जातीचे मासे आहेत त्यांचे मूळ तुमच्या शेजारच्या नॉर्थव्हिलमध्ये आहे. जर्मनीहून आणलेल्या अंड्यांतून नॉर्थव्हिलच्या मत्स्यबीज केंद्रात निघालेली पिल्ले १८८४ साली पेर मार्केटच्या बाल्डविन या उपनदीत सोडली गेली, आणि अमेरिकेच्या नद्यांत हा मासा स्थिरावण्याची सुरुवात तिथून झाली.

काठाच्या मालकीबद्दल कोणी विचारलेले नाही, पण ते सांगणे आवश्यक आहे. नकाशावर सर्वत्र हिरवा रंग दिसला तरी राष्ट्रीय वनाच्या हद्दीत खासगी जमिनी पुष्कळ आहेत. नदीतून जाण्याचा हक्क सर्वांचा आहे. १९२६ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलिन्स विरुद्ध गेरहार्ट या खटल्यात, बाल्डविन ज्या लेक काउंटीत आहे तिथल्याच पाइन नदीच्या संदर्भात, असा निर्णय दिला की जी नदी ओंडके वाहून नेण्याइतकी नौकानयनयोग्य आहे तिच्या पाण्यात उतरून मासे धरण्याचा हक्क जनतेला आहे, मग तळ कोणाच्याही मालकीचा असो. मात्र हा हक्क पाण्यापुरता आहे. जेवायला कोणाच्या हिरवळीवर बसणे त्यात येत नाही. वनखात्याच्या खुणा असलेल्या जागीच थांबावे.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसलो ती. तुमच्या होड्या केंट सरोवरातून येणार आहेत आणि नंतर बहुधा परत तिथेच जातील. २०१९ पासून मिशिगनच्या कायद्याने होडी रस्त्यावर नेण्यापूर्वी तिच्यावरील आणि ट्रेलरवरील सर्व पाणवनस्पती व जीव काढणे, आतले पाणी पूर्ण ओतून टाकणे आणि निचऱ्याची बुचे उघडी ठेवणे बंधनकारक आहे. या नदीपुरते पाहिले तर २०१५ साली न्यूझीलंडची चिखलगोगलगाय मिशिगनच्या नद्यांत प्रथम सापडली ती पेर मार्केटमध्येच. ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते, बुटाच्या तळव्यातल्या चिखलात चिकटून प्रवास करते, पाण्याबाहेर कित्येक दिवस जगते, आणि एकच मादी नराशिवाय नवी वसाहत उभी करू शकते. ट्राउटने ती खाल्ली तरी पुष्कळदा ती पचत नाही, जिवंतच बाहेर पडते, म्हणजे मासा भरल्या पोटी उपाशी राहतो. तेव्हा बाहेर आल्यावर होडीचा तळ, वल्ह्यांची टोके, बूट आणि दोऱ्या घासून धुवाव्यात, त्याही उतारापासून दूर, धुतलेले पाणी परत नदीत जाणार नाही अशा ठिकाणी. नंतर सर्व सामान किमान पाच दिवस पूर्ण कोरडे राहू द्यावे आणि मगच दुसऱ्या पाण्यात न्यावे. येण्यापूर्वीही हेच करावे. शनिवारी केंट सरोवरावर आणि मंगळवारी पेर मार्केटवर, असे करू नये.

लान्सिंगवासी

उताराची चर्चा चांगली झाली आहे, परंतु कोणत्या होडीत कोण, यावर मला वेगळे मत मांडायचे आहे. बारा वर्षांच्या मुलीने, ती सरोवरावर कितीही सफाईने कयाक चालवत असली तरी, नदीवरच्या पहिल्याच दिवशी एकेरी कयाकमध्ये बसू नये. सरोवरावर थकवा आला की थांबता येते, नदी थांबू देत नाही. मी माझ्या मुलांच्या बाबतीत असा नियम ठेवला आहे की प्रवाहाला वर तोंड करून होडी एका जागी धरून ठेवता आली पाहिजे आणि उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडून ती काठाला आणता आली पाहिजे. तोपर्यंत दोघांच्या होडीत पुढची बैठक. बाल्डविनच्या परिसरात होड्या भाड्याने देणारे बरेच आहेत. एक कयाक घरी ठेवून दुसरी कॅनू भाड्याने घ्यावी आणि मुलीला काकांसोबत बसवावे. हे व्यावसायिक तुमच्या गाड्या वरून खाली नेण्याची सोयही शुल्क घेऊन करतात, म्हणजे दोन गाड्यांचा खटाटोप वाचतो.

पाच वर्षांच्या मुलाबद्दल कायदा स्पष्ट आहे. मिशिगनमध्ये सहा वर्षांखालील मुलाने उघड्या होडीत लाइफ जॅकेट अंगावर घातलेलेच असले पाहिजे, आणि बाकी प्रत्येकासाठी तटरक्षक दलाने मान्य केलेले, त्याच्या मापाचे जॅकेट होडीत असणे आवश्यक आहे. मोठ्यांनी ते बैठकीखाली ठेवले तरी कायदा मोडत नाही, पण अशा अरुंद आणि झाडाझुडपांच्या नदीवर ते बैठकीखाली ठेवण्याला काही अर्थ नाही. मुलाच्या जॅकेटला मानेमागची उशी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. ते घातल्यावर खांद्यांशी धरून वर उचलून पाहावे, जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. मुलाला होडीला बांधून ठेवण्याचा सल्ला आपल्याकडील वडीलधारी मंडळी देतात, तो कृपया कोणत्याही परिस्थितीत ऐकू नये.

वल्हेकरी

लान्सिंगवासी यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. दोघांची कॅनू अरुंद वळणावर फिरवणे हे एकेरी कयाकपेक्षा अवघड असते, कारण दोघांचा मेळ बसावा लागतो, आणि नवख्या काका-पुतणीचा तो पहिल्या तासात बसेलच असे नाही. मुलगी नियमित कयाक चालवणारी आहे. मात्र त्यांनी दिलेल्या दोन कसोट्या योग्य आहेत, आणि त्या केंट सरोवरावर आणि एखाद्या संथ नदीवर आधी घेता येतील. तुमच्या जवळच ह्यूरॉन नदी आहे. तिच्या संथ भागात एक सकाळ घालवून मुलीला आणि स्वतःलाही पारखून घ्यावे, आणि मग काय ते ठरवावे.

नोव्हायकर

सर्वांचे मनापासून आभार. मोटर रद्द केली आहे. जुलैपूर्वी आम्ही ह्यूरॉन नदीवर जाऊ आणि मुलीला दोन्ही गोष्टी जमल्या नाहीत तर दुसरी कॅनू भाड्याने घेऊ. पत्नीचा कौल आजच त्या बाजूने आहे. दोन शंका राहतात. पाण्यातून येताना रेनबो रॅपिड्सची बाहेर पडण्याची जागा ओळखायची कशी, आणि ती चुकली तर काय? दुसरी, आई-बाबांसाठी काय करता येईल? बाबांना कॅनूमध्ये बसण्याची फार उमेद आहे, पण आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे.

ग्रँडरॅपिड्सकर

पहिल्या शंकेसाठी, सकाळी खाली गाडी ठेवायला जाल तेव्हा सर्व मोठ्यांनी, आणि मुलीनेही, चालत पाण्यापर्यंत जावे. नदीकडे पाठ करून जागेचे छायाचित्र काढण्याऐवजी, वरच्या बाजूने येणाऱ्या होडीतून ती कशी दिसेल ते पाहावे. कोणत्या तीरावर आहे, तिच्या आधी कोणते वळण लागते, समोर कोणते झाड किंवा घर आहे, फलक पाण्यातून वाचता येतो की नाही. डावा-उजवा तीर नेहमी पाणी जाते त्या दिशेला तोंड करून ठरवतात, म्हणजे आपसात घोटाळा होत नाही. खुणेचे वळण आले की तिन्ही होड्यांनी आधीच त्या तीराला लागून चालावे, आणि पहिल्या होडीने उतरून बाकीच्यांना धरून घ्यावे. उतरतानाही तोंड वर वळवूनच काठाला लागायचे असते. प्रवाहाच्या दिशेने सरळ काठावर घुसल्यास मागचे टोक फिरते आणि होडी काठापासून सुटते. बाहेर आल्यावर होड्या लगेच उचलून वर न्याव्यात, पाणी तिथे ओतत बसू नये.

जागा चुकली तर उलट वल्हवत येण्याचा प्रयत्न मुलांसोबत करू नये. खाली सुलाक आणि त्यानंतर अप्पर ब्रँच या सार्वजनिक जागा आहेत. तिथपर्यंत जावे आणि एकाने गाडी आणावी. त्यासाठी सकाळी लवकर निघणे, जास्तीचे पाणी आणि खाणे सोबत असणे आणि या जागांचे रस्ते कागदी नकाशावर आखलेले असणे पुरेसे आहे. ओळीने जाताना सर्वांत सफाईदार वल्हवणारा पुढे असावा आणि मागची होडी वळणामागे दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबावे.

आईंना होडीत बसवू नये असे मला वाटते. प्रश्न धैर्याचा नाही. कॅनूमध्ये खाली वाकून बसणे आणि वाळूच्या काठावर, एका पायावर भार देऊन उठणे हे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला जाचक आहे, आणि मधेच उतरावे लागले तर पाण्यातील दगडांवरून चालण्याशिवाय मार्ग नसतो. बाबांना त्या दिवशी चौथे माणूस म्हणून तुमच्या कॅनूत घेऊ नये, कारण भार वाढला की होडीचा काठ पाण्याच्या जवळ येतो. त्यांच्यासाठी ह्यूरॉन नदीची सरावाची सकाळच राखून ठेवावी. मुलगा त्या दिवशी काठावर आजीजवळ राहील आणि बाबांना मधली नाही, पुढची बैठक मिळेल. पेर मार्केटच्या दिवशी दोघांना बोमन ब्रिजच्या काठावर तुमच्या होड्या निघताना पाहता येतील. तिथे बसण्यासाठी घडीच्या खुर्च्या न्याव्यात आणि गवतातून चालताना बंद बूट घालावेत, कारण या भागात गोचिडी आणि खाज आणणारी पॉयझन आयव्ही दोन्ही आहेत. परतीच्या वाटेवर व्हाइट क्लाउडजवळ याच राष्ट्रीय वनातले लोडा लेक रानफुलांचे अभयारण्य आहे. तिथली पायवाट छोटी आणि सोपी आहे. आईंना झेपेल तेवढेच चालून परत फिरता येते.

गळकरी

एक छोटी पुरवणी. जुलैमधील मधल्या वारीसुद्धा भाड्याच्या कॅनूंची गर्दी सकाळी दहा-अकराच्या सुमारास एकदम येते, कारण त्यांच्या गाड्या ठरावीक वेळी लोकांना आणून सोडतात. त्याआधी उतारावर पोहोचावे. पहाटे मात्र वाटाड्यांच्या ट्रेलरची वेळ असते. या दोन्हींच्या मधला, साधारण आठ ते साडेनऊचा वेळ सर्वांत निवांत मिळतो.